कासव काहीच खात नाही? आधी त्याला ऊब दे, ताट नंतर

"मावशी नमस्कार. आम्ही बेळगावच्या वडगावचे. मागच्या शनिवारी ह्यांनी पुण्याहून येताना धाकट्याच्या वाढदिवसाला म्हणून कासव आणलं, जमिनीवरचं, माझ्या तळहाताएवढं. बिलावर सुलकाटा असं लिहिलंय. दुकानदार म्हणाला काय पण खातंय, टेन्शन घेऊ नका. पण आल्यापासून एक घास पोटात नाही. काकडी दिली, टोमॅटो दिला, भिजवलेले पोहे, दूधभात, चपातीचा कुस्करा, दुकानदारानं दिलेले लाल-हिरवे दाणे, सगळं जसंच्या तसं. सासूबाईंनी त्याला देवघरात पितळी परातीत पाणी घालून उत्तरेला तोंड करून ठेवलंय, म्हणतात घरात लक्ष्मी आली, हलवायचं नाही. पोरं दिवसभर उचलून बघूलाल्यात. आज तर डोळे पण उघडूलालं नाही. पाऊस असा लागलाय की धुणं वाळंना. मरणार नाही ना ते? ह्यांना विचारलं तर म्हणतात खाईल भूक लागल्यावर."

अगं बाई, आधी उठ आणि त्याला त्या परातीतनं बाहेर काढ, बाकीचं नंतर वाच. कोरड्या टॉवेलनं पुस, एखाद्या खोक्यात जाड टॉवेल अंथरून ठेव आणि घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत ने. मग बस वाचायला.

काढलंस? बरं.

परातीत पाणी घालून उत्तरेला तोंड करून ठेवतात ते धातूचं कासव, वास्तूवालं. त्याला पाण्यात ठेव नाहीतर फ्रीजवर ठेव, त्याचं काय बिघडणार नाही. हे जिवंत आहे आणि हे पाण्यातलं पण नाही. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, त्याचे पाय बघ की, खांबासारखे जाड, बोटांमध्ये पडदा नाही. अंघोळीला थोडं कोमट पाणी लागतं त्याला, ते मी पुढं सांगते, पण रात्रंदिवस गार पाण्यात, गार पितळेवर, खाली शहाबादी फरशी आणि वर आषाढातला पाऊस, असं सहा-सात दिवस काढलेलं जनावर डोळे मिटून बसणार नाही तर काय करणार.

आता मूळ गोष्ट. तुझं कासव नखरे करत नाही, त्याला थंडी वाजतीय. आपल्या अंगात शेगडी असते, बाहेर कितीही गारठा असला तरी पोटातलं काम चालू राहतं, कासवाच्या अंगात ती शेगडीच नाही. बाहेरून जेवढी ऊब मिळेल तेवढंच त्याचं रक्त गरम, तेवढेच पाय हलणार आणि तेवढंच अन्न पचणार. गारठ्यात त्यानं खाल्लं तर ते आतड्यात नुसतं पडून राहतं, कुजतं, गॅस धरतो. म्हणजे ते खात नाही हे त्याचं शहाणपण आहे. आणि तू दर दोन तासांनी नवीन पदार्थ पुढं ठेवतेस त्यानं काहीएक होणार नाही, काकडी नको तर टोमॅटो, टोमॅटो नको तर पोहे, हा पाहुणचार बंद कर आधी. ताट बदलू नको, जागा बदल.

सुलकाटा हे आफ्रिकेतलं कासव, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा आहे, सेनेगलपासून पार इथिओपियाच्या बाजूपर्यंत, तिथलं. तिथं ऊन असं की हे बिळं खणून आत बसतं उन्हातनं वाचायला. आणि आपलं बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, जुलैमध्ये दिवसा २४-२५ डिग्री, रात्री विशीच्या आसपास, आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड नाही, भिंतींना ओल. आपल्याला हे हवामान झकास, चहा-भजी खायचं, त्याला मात्र हे सोसत नाही. कोणी सांगितलं की कासव आहे, झोपी गेलंय, उठेल उन्हाळ्यात, तर ऐकू नको. थंडीत महिनोन् महिने झोपून काढणारी कासवं वेगळी, सुलकाटा त्यातलं नाही. गारठ्यात गप पडलं म्हणजे आजारी पडायच्या वाटेवर आहे.

तर काय करायचं. एक मोठा टब नाहीतर लाकडी खोकं घे, निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद, बाजू त्याला चढून जाता येणार नाही एवढ्या उंच. जुन्या कपाटाचा मोठा ड्रॉवर, पलंगाखालचा बॉक्स, काय पण चालतं, फक्त काचेची माशांची टाकी नको. काचेतनं पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही हे त्याला कळत नाही, दिवसभर काचेला नाक घासत फिरतं आणि दमतं. खाली माती आणि कोकोपीट, म्हणजे नर्सरीत मिळतो तो नारळाचा भुसा, निम्मं-निम्मं मिसळून तीन-चार इंच थर घाल. तळाला जरा दमट, वरनं कोरडं असं ठेव. ह्या पिल्लांना जरा दमटपणा लागतो, एकदम कोरड्यात वाढली की पाठीवर टेंगळं टेंगळं येतात, पिरॅमिडसारखी, आणि ती नंतर जात नाहीत. पण दमट आणि गार हे दोन्ही एकत्र नको, त्यानं छाती भरते. दमट असेल तर उबदार पाहिजेच. नुसती रेती घालू नको, खाताना पोटात जाते. सुताराकडचा भुसा पण नको.

ऊब कशी द्यायची. पूर्वीचा पिवळ्या उजेडाचा बल्ब आठवतोय ना, तारेचा, हात लावला की चटका बसणारा, तो साठ वॅटचा हुडक. एलईडी नको, त्याचा उजेड पडतो पण ऊब येत नाही. जुने बल्ब आता इलेक्ट्रिकच्या दुकानात सगळीकडं मिळत नाहीत पण कोंबड्यांची पिल्लं वाढवणाऱ्यांना विचार, ते पिल्लांच्या उबेसाठी वापरतात, त्यांना माहीत असतं कुठं मिळतो. नाहीतर पेट शॉपमध्ये ह्यासाठीचाच हीट बल्ब मिळतो. होल्डर चिनीमातीचा घे, प्लास्टिकचा वितळतो. टबच्या एका टोकाला, मातीपासून साधारण फूटभर उंच, साखळीनं नाहीतर जाड तारेनं टांग, नुसत्या वायरवर लटकवू नको, पोरांचा धक्का लागून खाली पडला तर टब पेटेल. बल्बच्या बरोबर खाली एक चपटी फरशी ठेव, ती तापते आणि ते त्यावर येऊन बसतं.

अंदाजानं काम करू नको गं, शंभर-दीडशे रुपयांचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर घे, माशांच्या दुकानात असतो. कोरोनात कपाळाला लावायला घेतलेली गन ह्या कामाची नाही, ती माणसाच्या तापाएवढंच मोजते. बल्बखाली कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३८ डिग्री यायला पाहिजे. टबच्या दुसऱ्या टोकाला २६ ते २८. रात्री २५ च्या खाली जाऊ देऊ नको. जास्त भरलं तर बल्ब वर घे, कमी भरलं तर खाली. दोन टोकांना दोन हवामानं का, तर त्याला तापावंसं वाटलं की ते इकडं येईल आणि बास झालं की तिकडं जाईल, ते त्याला बरोबर कळतं, आपण फक्त सोय करायची. सगळा टब सारखाच तापवलास तर ते भाजून निघेल आणि पळायला जागा नाही.

रात्री बल्ब बंद कर, उजेडात त्याला झोप लागत नाही. रात्रीच्या उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, बल्बसारखाच होल्डरमध्ये बसतो, पावसाळा आणि डिसेंबर-जानेवारी काढायला तो घेच, ह्यात काटकसर नको. लाईट गेली तर? आपल्याकडं पावसात लाईट जाणारच. इन्व्हर्टर असेल तर हे एवढंसं लोड तो काही तास ओढतो, नसेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टबच्या एका कोपऱ्यात ठेव आणि वरनं चादर टाक, हवा जायला थोडी फट ठेवून. पिशवी गार झाली की पाणी बदल, तेवढ्यावर निभतं.

आणि लपायला जागा. मातीचं मडकं आडवं, नाहीतर कुंडी अर्धी फोडून पालथी. आपल्याकडं खानापूरची मडकी मिळतातच, कडा घासून गुळगुळीत कर म्हणजे झालं. ते आत शिरून बसलं की बाहेर ओढायचं नाही. हे पोरांना नीट सांग, तुमचं हे नवीन घर आहे आणि राक्षस तुम्हाला दर अर्ध्या तासानं उचलून उलटं करून पोट बघतोय, तर तुम्ही जेवाल काय? आठ दिवस कोणीही उचलायचं नाही, अंघोळीपुरतं तू एकटीनं उचलायचं. लांब बसून बघू देत की, बघायला मनाई नाही. धाकटा रडेल, रडू दे. त्याला एक वही दे आणि कासव किती वाजता बाहेर आलं, कुठं बसलं, शी केली का हे लिहायला सांग, ते तुझ्यापण कामाला येईल.

अंघोळीचं. रोज सकाळी एक पसरट टब घे, त्यात कोमट पाणी, कोपर घालून बघ, तान्ह्या बाळाला घालतो तेवढंच. खोली किती, तर पाठीची ढाल आणि पोटाची ढाल जिथं जोडली जातात तिथपर्यंत, तोंड सहज वर राहिलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं, तू तिथंच बस, सोडून जाऊ नको. गार झालं तर पाणी बदल. ह्यात ते पाणी पितं, मान लांब करून नाक बुडवून, आणि बहुतेक वेळा शी-शू पण तिथंच करतं, घाण वाटून घेऊ नको, ते चांगलं लक्षण आहे. शू बरोबर पांढरं पेस्टसारखं काहीतरी येईल ते नॉर्मल. ते रवाळ, खडूच्या कणासारखं टणक आलं तर पाणी कमी पडतंय. तुझ्या कासवाचे डोळे मिटलेत ते बहुतेक गारठा आणि तहान ह्या दोन्हीनं, हो, परातीत पाण्यात बसून पण तहान, कारण गारठलेलं कासव पाणी पण पीत नाही. आजपासूनच सुरू कर. अंघोळ झाली की पुसून सरळ बल्बखाली. आणि ही परात आता घासून सासूबाईंना परत कर, अंघोळीचा टब वेगळा ठेव, स्वयंपाकाच्या भांड्यात आणि किचनच्या सिंकमध्ये कासवाचं काहीच नको. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्याला काही करत नाहीत, माणसाला जुलाब-ताप देतात, लहान पोरं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात जास्त सांभाळायचं. हात लावला की साबणानं धुवायचे, सगळ्यांनी.

आता खाणं, ज्याच्यासाठी तू पत्र लिहिलंस.

दूधभात बंद. चपाती, पोहे, बिस्कीट, ब्रेड सगळं बंद. दूध कुठल्याच कासवाला पचत नाही. ते लाल-हिरवे दाणे पाण्यातल्या माशांचे नाहीतर पाण्यातल्या कासवांचे असतात, मासळीचं पीठ असतं त्यात, सुलकाटा गवत खाणारं जनावर आहे, त्याला ते दिले तर वाढ भसाभस होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दुकानदाराला बहुतेक विकायचं माहीत, पाळायचं नाही.

ह्याचं खरं जेवण म्हणजे गवत. हरळी म्हण, दूर्वा म्हण, बारीक कोवळं कुठलंपण साधं गवत. त्याबरोबर जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, फड्या निवडुंगाची कोवळी पानं काटे पूर्ण काढून, भोपळ्याची पानं-फुलं, शेवग्याचा पाला थोडासा. सासूबाईंना सांग, दूर्वा आणि जास्वंद, बाप्पाचाच मेनू आहे, मग बघ परातीचा राग कसा जातो ते. उलट अंगणात जास्वंदीचं झाड त्याच लावतील.

बाजारातल्या भाजीतलं मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला कधीमधी चालेल. पालक आणि चुका नको, त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम अडवून ठेवतो. कोबी-फ्लॉवर रोज नको. काकडी म्हणजे नुसतं पाणी, आत्ता दोन-चार दिवस तोंड उघडावं म्हणून पातळ काप दिलेस तर हरकत नाही, पण जेवण म्हणून नाही. फळं जवळपास नाहीतच, केळं-कलिंगड-आंबा दाखवलंस तर आवडीनं खाईल आणि पोट बिघडेल, आणि मग गवताकडं बघणार नाही.

गवत कुठनं आणतेस ह्याकडं माझं जास्त लक्ष आहे. आपला सगळा भाग उसाचा, बांधावर हिरवंगार गवत दिसतं पण तिथं तणनाशक मारलेलं असतं, आज मारलं तर पिवळं पडायला आठवडा जातो, तोवर हिरवंच दिसतं. तिथलं आणू नको. रस्त्याकडेचं नको. देवळाबाहेर विकायला असतात त्या झेंडू-शेवंतीवर पण फवारे असतात, ती फुलं नकोत. अथणी भागातनं कोणी द्राक्षाची पानं आणून दिली तरी नको, पान चांगलंच असतं पण द्राक्षबागेत किती फवारणी होते तुला माहीत आहे. सगळ्यात सोपं म्हणजे चार पसरट कुंड्यांत हरळी आणि गहू पेर गच्चीवर, गहू पंधरा दिवसांत वीतभर येतोय, आलटून पालटून काप.

विषारी झाडं ओळखून ठेव, कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, शोभेचं ते मोठ्या ठिपक्यांच्या पानाचं डिफेनबेकिया, आणि गाजरगवत. गाजरगवत तर पावसाळ्यात आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर माजलेलं असतं आणि कोथिंबिरीसारखं कोवळं दिसतं, पोरं हौसेनं उपटून आणतील, त्यांना आधी दाखवून ठेव. कोवळा जोंधळा पण नको, गुरांना त्यानं विषबाधा होते हे तुझ्या माहेरच्यांना विचार, शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं.

वेळ कुठली तर सकाळी. आधी बल्ब लावायचा, तास-दोन तास त्याला तापू द्यायचं, अंघोळ घालायची, परत थोडं तापू द्यायचं आणि मग नऊ-दहाच्या सुमाराला चपट्या फरशीच्या तुकड्यावर पाला बारीक चिरून ठेवायचा, वर एक लाल जास्वंद. ह्यांना लाल-पिवळा रंग पटकन दिसतो, बरीच अडून बसलेली कासवं पहिला घास फुलाचाच घेतात. ठेवलंस की तिथनं निघून जा. खोलीतनंच जा, दार लोटून घे. चोचीपुढं पान हलवत बसायचं नाही आणि तोंड उघडून कोंबायचं तर अजिबात नाही. संध्याकाळी उरलेलं काढून टाक. पहिल्या दिवशी जसंच्या तसं राहील, दुसऱ्या दिवशी एखाद्या पाकळीची कड कुरतडलेली दिसेल, तिथं व्ही आकाराची खाच पडलेली असते, नीट बघ, ती मुंगीनं केलेली नसते. ती खाच दिसली की समज सुरू झालं. जागा बदलल्यावर कासवानं आठ-दहा दिवस न खाणं हे तसं नवल नाही, ऊब आणि पाणी मिळत असेल तर तेवढं ते काढतं. एवढं लहान असल्यामुळं त्यापुढं मात्र थांबू नको.

कॅल्शियमचं. खाऊ लागलं की आठवड्यातनं दोन-तीन वेळा पाल्यावर चिमूटभर कॅल्शियम पावडर भुरभुर, नाहीतर पेट शॉपमध्ये पक्ष्यांसाठी समुद्रफेस मिळतो तो टबमध्ये टाकून ठेव, चावेल हवं तेव्हा. पण कॅल्शियम अंगी लागायला ऊन पाहिजे, थेट ऊन. खिडकीच्या काचेतनं आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच त्यातला कामाचा भाग अडवते. ढग फाटले की पटकन गच्चीवर घेऊन जा, टबमध्ये, अर्ध्या भागावर सावली ठेवून, वीस-तीस मिनिटं. तू तिथंच बस, घार आणि कावळा तळहाताएवढं कासव उचलून नेतात, मांजर-मुंगसाचं पण आहेच. आणि ह्या दोन-तीन महिन्यांत ऊनच नसेल तर उन्हातला तोच कामाचा भाग देणारी यूव्हीबी ट्यूब मिळते, ती टबवर लाव, दिवसाला दहा-बारा तास. ती वर्षभरात बदलावी लागते, उजेड दिसत असला तरी तिच्यातला दम संपलेला असतो. महाग आहे, हो. जावईबापूंना सांग, वाढदिवसाचं गिफ्ट अजून पूर्ण झालेलं नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं ते सांगते. नाकातनं बुडबुडे, श्वास घेताना शिटीसारखा आवाज, तोंड उघडं टाकून मान ताणून श्वास, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी. ऊब देऊन दोन-तीन दिवस झाले तरी डोळे उघडले नाहीत, किंवा पापण्या सुजल्यात, तर ने. पाठ बोटानं दाबली की नखासारखी टणक न लागता दबते, तर ने. आणि वजन, स्वयंपाकघरातला नव्हे, वेगळा छोटा डिजिटल काटा घे, आजच वजन करून वहीत लिही, मग दर रविवारी सकाळी अंघोळीआधी. पहिल्यापेक्षा दहा टक्के उतरलं तर डॉक्टर. जाताना ताजी शी डबीत घालून ने, जंत आहेत का ते त्यावरनं कळतं. आपल्याकडं कासव बघणारे डॉक्टर कमी, म्हणून आधी फोन करून विचार की सरपटणारे प्राणी बघता का. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव, कुत्र्याला आणि गुरांना जंत-गोचीडसाठी आयव्हरमेक्टिन नावाचं औषध सर्रास देतात, इंजेक्शन पण असतं, ते कासवाला चालत नाही, जीव जातो. डॉक्टरांनी जंताचं औषध लिहिलं तर नाव विचारून घे, लाजू नको. मेडिकलमधनं स्वतःच व्हिटॅमिनचे थेंब आणून घालणं, पाठीला खोबरेल लावणं, नेलपॉलिशनं नाव लिहिणं, हे पण काही नको.

आता कायद्याचं, हे जरा कडू आहे पण ऐक. त्याच्या पाठीवर काळ्या रंगावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या आहेत का बघ, प्रत्येक टेंगळाच्या मध्यातनं किरणं निघाल्यासारख्या. असतील तर बिलावर काही लिहिलेलं असू दे, ते आपलं देशी चांदणी कासव आहे, स्टार टॉर्टॉइज, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तीन ते सात वर्षं शिक्षा आणि वर दंड. तसं असेल तर गुपचूप कोणाला देऊ नको, विकू नको, सरळ वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सांग आणि त्यांच्या ताब्यात दे. चांदण्या नसून सगळं फिक्कट पिवळट-तपकिरी असेल, प्रत्येक खवल्याला गडद कड, आणि मागच्या मांड्यांवर काट्यासारखी टोकं, तर ते सुलकाटा. ते परदेशी आहे, पाळता येतं, पण नोंद करावी लागते. २०२४ मध्ये केंद्रानं नियम काढलेत, परदेशी प्राण्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या वेबसाईटवर करायची, तेव्हा बिल जपून ठेव आणि दुकानदाराकडनं त्याच्या नोंदणीचे कागद माग. द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्या दुकानातनं परत काही घ्यायचं नाही, आणि वनखात्यालाच जाऊन विचार.

कंटाळा आला म्हणून, किंवा कोणी पुण्याचं काम म्हणून सुचवलं म्हणून, कपिलेश्वराच्या तळ्यात नाहीतर राकसकोपच्या धरणात सोडायचं नाही. तुझं कासव तिथं बुडून मरेल, बास. आणि खानापूरच्या जंगलात सोडलं तर आपल्या देशी कासवांना त्याचे रोग लागतील.

आणि तुझ्या ह्यांना माझ्याकडनं हे वाचून दाखव. सुलकाटा हे जगातलं तिसऱ्या नंबरचं मोठं जमिनीवरचं कासव, गॅलापागोस आणि अल्डाब्राच्या कासवांनंतर हेच. आज तळहाताएवढं आहे, पण नीट वाढलं तर चाळीस-पन्नास किलोचं होतं, अंगणात माणूस मावेल एवढं बीळ खणतं, कुंपणाची विटांची भिंत ढकलतं आणि सत्तर-ऐंशी वर्षं जगतं. धाकट्याच्या नातवंडांपर्यंत जाणारं आहे ते. वडगावच्या घराला मागं परडं आहे की नाही तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर चार-पाच वर्षांनी काय करायचं ह्याचा विचार आत्ताच करून ठेवा, गावाकडं कोणाची जागा आहे का, कोण सांभाळेल. मला विचारशील तर वाढदिवसाला सायकल आणायला पाहिजे होती. पण आणलंय तर आता ते आपलं.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नको. पितळेचं एक कासव आणून परातीत उत्तरेला तोंड करून ठेव देवघरात, दोनशे-तीनशे रुपयांत गणपत गल्लीत मिळेल. लक्ष्मी तिथं राहील आणि हे इकडं बल्बखाली. दोघांचं भागेल.

पुढच्या पत्रात मला एवढं कळव, टबच्या दोन्ही टोकांचे थर्मामीटरचे आकडे, वहीतली वजनं, आणि शी झाली असेल तर तिचा फोटो. लाजायचं नाही, जेवणाच्या फोटोपेक्षा मला त्यातनं जास्त कळतंय.